येळवशीच्या दिवशी थांबलेला पंप

राग आला की बाकीच्या बायका बोलून मोकळ्या होतात. माझं तसं नाही. माझा राग लोणच्यासारखा मुरतो, आणि मुरला की त्याला चव येते. माझ्या धाकट्या दिराला मी असाच एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा चहा करून दिला. तो दुकानात यायचा, 'वैनी, चहा ठेवा' म्हणायचा, आणि मी ठेवायची. आलं टाकून, साखर बेतानं. कप हातात देताना मनातल्या मनात त्याचं वाटोळं करायची. त्याला त्याचा पत्ता नसायचा, आणि त्याला ठाऊक नसणंच मला लय आवडायचं.

कारण सांगते. सरकारनं शेतकऱ्यांना उन्हावर चालणारे पंप द्यायचं काढलं. पंप आले की ते दुरुस्त करणारी माणसं लागणार, म्हणून परभणीला प्रशिक्षण सुरू केलं. त्या प्रशिक्षणात मी होते. शिकून झाल्यावर पोखर्णीकडच्या गावांसाठी एक पंपमिस्त्री नेमायचा होता, आणि ते काम मला मिळणार असं ठरलं होतं. मग माझं नाव काढून तिथं दुसऱ्याचं घातलं गेलं. ते दिरानं केलं, असं मला कळलं, आणि तेव्हापासून माझं त्याच्यावर लक्ष होतं.

आमचं मानवतला मोटार रिवायंडिंगचं दुकान. पाटीवर नवऱ्याचं नाव, आत बसतो तोच. जळालेली मोटार आली की तो ती खोलायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा आणि नवीन कॉईल बसवायचा. पण त्या कॉईल गुंडाळायच्या कुणी? मी. लग्न झाल्यापासून. दुकानाच्या मागंच आमच्या खोल्या. तिथं कॉईल गुंडाळायचा लाकडी फर्मा होता, त्याला हँडल. भाकरी झाल्या की तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन मी त्याच्यापुढं बसायची. बाहेर गिऱ्हाईक म्हणायचं, 'मिस्त्रीच्या हाताला बरकत हाय, मोटार परत आणायची वेळ येत न्हाई.' नवरा मान हलवायचा. मी आतून ऐकायची. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. आता वाटतं.

आमचा धंदा चालायचा तो विजेच्या नखऱ्यांवर. लाईट रात्रीची यायची, तीही कमी दाबानं, आणि मोटारी जळायच्या. बोलायला बरं दिसत नाही, पण लोकांच्या मोटारी जळाल्या की आमच्या घरात गोडधोड व्हायचं. सौरपंप आले आणि शेतात दिवसा पाणी सुरू झालं. शेतकरी खूश झाले, व्हायलाच पाहिजे होते. थंडीत अंधारात पाणी धरायला जाऊन साप चावलेली माणसं मी बघितलेली आहेत. पण आमच्या दारात मोटारी उतरायच्या कमी झाल्या. नवरा दिवसभर खुर्चीत बसून मोबाईल बघायला लागला. माझ्या फर्म्यावर धूळ बसायला लागली.

दीर त्या वेळी सौरपंप बसवणाऱ्या एका एजन्सीच्या हाताखाली काम घ्यायचा. खड्डे खोदायचे, लोखंडी स्टँड उभे करायचे, वर ऊन झेलणाऱ्या निळ्या पाट्या चढवायच्या, हे सगळं तो गडी लावून करून द्यायचा. बोलण्यात पहिल्यापासून पटाईत. प्रशिक्षणाची बातमी घेऊन आला तोही तोच.

'वैनी, परभणीला सोलारचं ट्रेनिंग निघालंय सरकारचं,' तो म्हणाला. 'बायांच्या जागा रिकाम्या राहायल्यात. तुमी बसा की.'

'मला काय कळतंय त्यातलं?' मी रीतीप्रमाणं म्हटलं.

'कळायचं कशाला? संख्या भरायची हाय.'

नवरा हसला. म्हणाला, 'जा, जा. शेवटी शिलाई मशीन न्हाईतर कुकर देतील.'

अशी मी गेले. रोज सकाळी मानवतहून एसटीनं परभणी, संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी पर्स मांडीवर धरून शेवटच्या बाकावर बसले, आणि थोड्याच दिवसांत कशी कुणास ठाऊक पुढच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणारे सर तरुण होते, चष्मा सारखा घसरायचा त्यांचा. पण शिकवायचे मनापासून. मला म्हणाले, तुम्ही आयुष्यभर मोटारीच्या आतलं काम केलंय, आता बाहेरचं बघा. मागच्या आवारात त्यांनी एक पंप उभा केला होता. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून मी त्या स्टँडवर चढले तेव्हा खाली उभ्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. वरून परभणीची गच्चीगच्चीवरची धुणी दिसत होती. मला इतका आनंद झाला की तो मी घरी सांगितलाच नाही. सांगितला की कमी होतो.

एक दिवस सरांनी आपलं जाकीट काढून एका पाटीवर टाकलं. एकाच. पाईपातून पडणारी धार लगेच बारीक झाली. म्हणाले, या सगळ्या पाट्या एकीला एक जोडलेल्या असतात, एकीवर सावली पडली तर बाकीच्याही मागं ओढल्या जातात. मागून कुणीतरी म्हणालं, म्हंजे एकत्र कुटुंब. सगळा वर्ग हसला. नाही हसला तो फक्त बोरीचा पाव्हणा, कारण तो झोपलेला होता. बोरीचा पाव्हणा म्हणजे माझ्या जावेचा भाऊ, दिराचा मेव्हणा. तो चहाच्या वेळेला जागा व्हायचा, बिस्किटं खायचा आणि पुन्हा भिंतीला टेकायचा.

शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पोखर्णीकडचं काम या ताई करतील. मी बसमध्ये बसून रडले. खिडकीकडं तोंड करून. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम माझ्या नावावर लावलं होतं.

आठवडा गेला असेल. यादी लागली, आणि माझ्या जागेवर बोरीचा पाव्हणा.

मी सरांना फोन केला. ते अवघडले. म्हणाले, 'ताई, तुमच्या दिरांनी येऊन सांगितलं की घरचे पाठवायला तयार नाहीत. मग मी काय करणार?' मी दिराला विचारलं. तो म्हणाला, 'वैनी, ते वरूनच आलंय.' वर म्हणजे कुठं, ते काही सांगेना. मी नवऱ्याला विचारलं, घरचे तयार न्हाईत असं तुमी म्हणलात का? तो म्हणाला, 'मला कुणी काही विचारलं न्हाई. जाऊ दे ना. उन्हातान्हात हिंडायचं काम. आपली कॉईल बरी.'

मग सगळा हिशेब माझ्या डोक्यात स्वच्छ झाला. दिराला मेव्हण्याची सोय लावायची होती. बायको खूश, सासरवाडी खूश. त्यासाठी त्यानं माझं नाव पुसलं आणि वर माझ्याच हातचा चहा प्यायला येऊन बसायचा. बेइमान. मी ठरवलं, हा माणूस मला जिथं सापडेल तिथं सोडायचा नाही.

बाईमाणूस सूड घेणार तरी कसा? मी लहानसहान सुरुवात केली. दिवाळीला त्याच्या घरी करपलेल्या घाण्यातल्या चकल्या धाडल्या. त्याचा फोन आला की 'ते झोपलेत' म्हणून ठेवून द्यायची. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात गेले, तिथं हात जोडून नोकरी मागितली नाही, त्याचं वाईट मागितलं. देवही मी त्या कामाजोगा निवडला होता. नवऱ्याला नारळाचा प्रसाद दिला, त्यानं भक्तिभावानं खाल्ला.

देवानं लवकरच हालचाल सुरू केली. बोरीचा पाव्हणा पंपावर जायचा, फोटो काढायचा, 'कंपनीला कळवतो' म्हणायचा आणि निघून यायचा. शेतकरी वैतागले. ते मानवतला आमच्या दुकानात यायचे, म्हणायचे, बाई, तुमी शिकलाव ना, जरा येऊन बघा. मी म्हणायची, माझं नाव न्हाई त्यात, ज्याचं हाय त्याला धरा. मला त्यांची दया यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या पाव्हण्याची लाज निघायलीय हे ऐकून जेवण गोड लागायचं.

दिराला मात्र त्याची फिकीर नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं मोठं काम होतं. एजन्सी त्या सगळ्या भागातल्या पंपांची देखभाल एकाच माणसाला देणार होती, आणि ती आपल्याला मिळावी म्हणून तो जिवाचं रान करत होता. एजन्सीचे साहेब पाहणीला येणार, कुणाचं काम कसं आहे ते बघून ठरवणार. दिरानं हिकमत लढवली. त्यानं साहेबांना येळवशीला शेतात जेवायला बोलावलं. पोखर्णीजवळ आमचं सामाईक रान आहे, तिथं त्यानं स्वतः बसवलेला सौरपंप होता. साहेबांना येळवशीची भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगाभाज्यांची मिसळभाजी, खाऊ घालायची, तिथल्या तिथं पंप चालवून दाखवायचा, आणि काम पक्कं करायचं, असा त्याचा बेत.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी चूल पेटवून बसत नाही, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटासारखी कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ओळखीचा असो नसो, वैरी असो, बांधावर आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. पूजा थोरल्या लेकानं आणि थोरल्या सुनेनं करायची, म्हणजे नवऱ्यानं आणि मी. सगळ्यांची जेवणं झाली, ऊन कललं, की पांडवांपुढं मडक्यात दूध उतू घालायचं. ते उतू गेलं की कोपीची पहिली पेंढी थोरल्या सुनेनं आपल्या हातानं काढायची. त्याआधी कोपीला कुणी हात लावायचा नाही. सासऱ्यांनी एका साली बैलापुढं टाकायला मधेच पेंढी ओढली होती, आणि त्याच हंगामात तो बैल गेला. तेव्हापासून सासूबाई या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

दरवर्षी आमची कोपी लिंबाखाली असते. त्या साली आम्ही रानात पोचलो तर कोपी लिंबाखाली नाही. दिरानं ती सौरपंपाच्या स्टँडपुढं उभी केली होती, अगदी खेटून, दक्षिणेच्या अंगाला. फोटोत कोपी, पांडव आणि पाट्या एकदम याव्यात म्हणून. चांगला उंच कडबा बघून लावला होता. त्याचे शेंडे पाट्यांच्या खालच्या कडेच्या वर आलेले.

मी डोक्यावरची दुरडी खाली ठेवली आणि वर बघितलं. थंडीचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येत होतं. कडब्याच्या शेंड्यांची सावली खालच्या सगळ्या ओळीवर पडली होती. ही सावली दिवसभर हटणार नव्हती, नुसती इकडून तिकडं सरकणार होती. मला सरांचं जाकीट आठवलं. माझ्या अंगावर असा गोड काटा आला की सांगता सोय नाही.

मी काही बोलले नाही. पूजेला बसले. नवऱ्याच्या हाताला हात लावून पांडवांवर हळद-कुंकू वाहिलं, आंबील शिंपडली. सासूबाई म्हणाल्या, 'मनापासून माग गं काहीतरी.' मी मागितलं.

पंगती बसल्यावर साहेब आले. बरा माणूस होता बिचारा. मांडी घालून बसला, भज्जी तीनदा मागून घेतली, खिरीत तूप घालून घेतलं. मीच वाढत होते. दीर साहेबांच्या कानाशी लागला होता, 'आपलं काम म्हंजे एकदम चोख, साहेब, अख्ख्या भागात कुणाची तक्रार न्हाई.' बोरीचा पाव्हणा नवा शर्ट घालून कंट्रोलरच्या पेटीशी उभा होता.

हात धुवून साहेब उठले. दिरानं पाव्हण्याला खूण केली. त्यानं बटण दाबलं. पंप घुर्र करून सुरू झाला, पाईपातून थोडं पाणी आलं, मग धार करंगळीएवढी झाली आणि थांबली. पेटीवर लाल दिवा लागला. पाव्हण्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्यानं पेटी उघडली, वायरी हलवून बघितल्या. विहिरीवर जाऊन आत डोकावला, जसं काही पाणीच पळून गेलं होतं. दिराच्या कपाळावर घाम दिसायला लागला. पंगतीतली माणसं ताटावरून मान वळवून बघत होती. मी उंड्याचा घास तोंडात टाकला. इतका चवदार उंडा मी आयुष्यात खाल्लेला नाही.

शेवटी दीर माझ्याजवळ आला. आवाज बारीक करून म्हणाला, 'वैनी, तुमी शिकलाव. जरा बघा की, काय झालंय?'

मी आवाज बारीक केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, 'बघायचं काय त्यात, भावजी? कोपीची सावली पडायलीय पाट्यांवर. पेंढ्या काढा, पंप चालल.'

साहेबांनी वर बघितलं आणि मान हलवली. 'बरोबर आहे. काढा ना मग.'

दीर कोपीकडं झेपावला, आणि सासूबाई आडव्या आल्या. म्हातारीच्या अंगात तेवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. म्हणाल्या, 'हात लावशील तर बघ. दूध उतू गेल्याबिगर एक काडी हलायची न्हाई. आन् हलवल ती थोरली. तू कोण?' साहेब बसलेले, गाव बसलेलं, पण म्हातारी ढिम्म. दिरानं पाया पडून बघितलं, मग चिडून बघितलं. गावातली जाणती माणसंही सासूबाईंच्या बाजूनं. रीत मोडायची म्हणजे काय.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. दूध मी ठेवणार. पेंढी मी काढणार.

'वैनी, दूध ठेवा लवकर,' दीर म्हणाला.

'ठेवते की,' मी म्हटलं. आणि ठेवलं. तीन दगड मांडले, मडकं भरून दूध ओतलं, काठोकाठ भरू नये म्हणतात, तरी तेवढं भरलं. जाळ कशाचा घालायचा हे माझ्या हातात होतं. शेजारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, भडाभड पेटल्या असत्या. मी गोवऱ्या घेतल्या, त्याही खालच्या, दंवानं ओलावलेल्या. धूर निघायला लागला. मी पदरानं वारा घालत बसले, हळूहळू, बाळाला झोपवतात तसा.

दीर माझ्या शेजारी उकिडवा बसला. 'वैनी, पऱ्हाट्या घाला ना.'

'एक करा,' मी म्हटलं. 'साहेबांपुढं उभं राहून सांगा, की माझं नाव यादीतून कुणी काढायला लावलं. एवढं सांगा. मी आत्ता पऱ्हाट्या घालते, आत्ता दूध उतू जातंय, आत्ता तुमचा पंप चालतोय.'

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होता. मी वळून बघितलं तर तिकडं माझा नवरा हरभऱ्यात उभा होता आणि घाटे खुडून बघत होता. इतका वेळ कुणी हरभऱ्याकडं बघत नाही. मला ते दिसलं, पण त्या वेळी त्यातलं काही कळलं नाही. मी सूडात बुडालेली होते.

'सांगता का?' मी विचारलं.

'मला ते न्हाई जमायचं, वैनी,' तो म्हणाला.

'मग बसा.'

तो बसला. मीही बसले. मला वाटलं होतं तो गयावया करील, पोराबाळांची शपथ घालील, निदान खोटं तरी बोलेल. त्यानं काहीच केलं नाही. साहेब घड्याळ बघत होते. ड्रायव्हर गाडीला टेकून शेंगा फोडत होता. दूध कोमट झालं, त्यावर साय धरली, आणि मी एक गोवरी उलटी केली. माझ्या पोटात असं गार गार वाटत होतं, कितीतरी महिन्यांचं साचलेलं सुख.

शेवटी साहेब उठले. सणाचा दिवस आहे, राहू द्या, पुढं गंगाखेडला पोचायचंय, म्हणाले. मला नमस्कार करून म्हणाले, ताई, जेवण झकास होतं. जाता जाता दिराच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच बोलले की सावलीचं तुमच्या माणसाला कळायला पाहिजे होतं. गाडी बांधाबांधानं गेली. बोरीचा पाव्हणा विहिरीआड जाऊन उभा राहिला. काम गेलं हे बारक्या पोराला कळलं असतं.

'झालं का समाधान?' दीर म्हणाला.

'झालं,' मी म्हटलं. खरंच झालं होतं.

'मग आता ऐका.' तो उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच मला पहिल्यांदा खटकलं. 'तुमचं नाव काढायची अक्कल माझी न्हाई. मला दादानं सांगितलं. म्हणला, सरांना जाऊन सांग, घरचे तयार न्हाईत, आन् माझं नाव मधी येऊ देऊ नको. रिकामी जागा मी मेव्हण्याला घेतली, ते खरं हाय, त्याबद्दल मला जोड्यानं मारा. पण नाव दादानं काढायला लावलं. साहेबापुढं मी थोरल्या भावाची इज्जत काढू का?'

नवरा तोवर हरभऱ्यातून परत आला होता. काठीनं विस्तव उकरत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. म्हटलं, आता हा म्हणेल, खोटं बोलतोय हा. म्हणेल, वेड लागलंय याला. मी मनातून त्याची विनवणी करत होते, म्हण, एकदा तरी म्हण.

'कॉईल कुणी गुंडाळल्या असत्या मग?' तो म्हणाला. तोंड वर न करता. 'दुकान बसलं असतं. आन् लोकांनी इचारलं असतं, मिस्त्री कोण ह्या घरात.'

दूध कधी उतू गेलं ते मी बघितलंच नाही. सासूबाईंनी हाक मारली म्हणून उठले. पहिली पेंढी ओढली, मग दुसरी, मग सगळ्या. पाट्या मोकळ्या झाल्या तेव्हा त्यांच्यावर ऊन उरलं नव्हतं.

परत येताना मोटारसायकलवर मी त्याच्या मागं बसले. दरवेळी त्याच्या खांद्यावर हात असतो. त्या दिवशी मागच्या लोखंडी दांडीला धरून बसले, मानवत येईपर्यंत बोटं बधीर झाली. इतके महिने त्या माणसानं माझ्याशेजारी बसून, मी दिराला दिलेल्या शिव्या ऐकल्या होत्या. वर 'जाऊ दे' म्हणाला होता. मी करपलेल्या चकल्या डब्यात भरताना डब्याचं झाकण यानंच लावून दिलं होतं.

मी भांडले नाही. माझं तुम्हाला सांगितलंच आहे. मी फक्त फर्मा उचलून माळ्यावर टाकला.

दिराचं मोठं काम बुडालं. बोरीच्या पाव्हण्यालाही पुढं त्या जागेवर कुणी ठेवलं नाही, तो पुण्याकडं कुठं तरी गेला. मग एक दिवस सरांचा फोन आला. म्हणाले, 'ताई, पोखर्णीकडं माणूस पाहिजे. पण या वेळी आधी घरी विचारून घेता का?' मी म्हटलं, 'सर, मी तयार हाय. बाकी इचारण्यासारखं घरात कुणी न्हाई.' ते म्हणाले, सोमवारी या.

आता मी स्कुटीवर पोखर्णीकडची गावं फिरते. साडीवर शर्ट असतो, पण तो मी स्वतःसाठी नवीन घेतलेला आहे. कुठं उंदरानं केबल कुरतडलेली असते, कुठं पाट्यांवर धुळीचा थर असतो. एकानं दृष्ट लागू नये म्हणून पाटीच्या मधोमध काळी बाहुली टांगली होती आणि पाणी कमी का येतंय म्हणून वर्षभर कंपनीला शिव्या देत होता. दिराच्या पंपावरही जाऊन आले. त्यानं चहा ठेवायला सांगितला जावेला. त्याच्याशी माझं अजून धड नाही, पण माझ्या रागाच्या रांगेत त्याचा नंबर आता मागं गेलाय.

पुढचा नंबर घरातच असतो. काही जुन्या विजेच्या मोटारी अजून दुकानात येतात. कॉईल तो स्वतः गुंडाळतो. तार कुठं ताणली जाते, कुठं सैल राहते, मोटार तापते आणि गिऱ्हाईक ती परत आणून आदळतं. मिस्त्री, तुमच्या हाताला काय झालंय, म्हणतं. मी आतून ऐकते. एकेकाला तो सांगतो, डोळ्याला कमी दिसायलंय.

परवा मी रानातून येऊन जेवायला बसले होते. तो तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन आत आला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. माळ्यावरचा फर्मा त्यानं काढून पुसून आणला होता.

'एवढी एक गुंडाळून दे,' तो म्हणाला. 'जुनं गिऱ्हाईक हाय. माझ्या हातानं जमंना.'

जमंना. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी लग्नापासून थांबले होते, आणि मला तो पुन्हा पुन्हा ऐकायचा होता.

'मला कशाला सांगता?' मी म्हटलं. 'तुमच्या भावाला सांगा. तुमी सांगितलेलं काम तो बिनबोभाट करतोय.'

त्यानं फर्मा काखेत मारला. मग रीळ उचलून बाहेर दुकानात गेला, आणि मी दुसरी भाकरी वाढून घेतली.